हैदराबादला जाण्याआधी केसपेपर दाखव

तेलंगणात डॉक्टरवर केस होत नाही, हे तुला कोणी सांगितलं? नाव सांग. एमआरनं सांगितलं, बॅचमेटनं सांगितलं, की ओटीत चहा पिताना भूलतज्ज्ञ बोलला आणि तू मान डोलावलीस? पालमच्या बाईच्या नवऱ्याची वकिलामार्फत नोटीस आली, ती तू टेबलाच्या खणात टाकलीस आणि शनिवारी अजिंठा एक्स्प्रेस पकडून हैदराबादला फ्लॅट बघायला गेलास. वर मला फोन करून म्हणतोस, "सर, महाराष्ट्रात प्रॅक्टिस करण्यात आता राम राहिला नाही."

मी तुला अंबाजोगाईत शिकवलंय. प्रसूतिकक्षात चुकलास तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, आणि नीट केलंस तेव्हाही सगळ्यांसमोरच सांगितलं. आजचं बोलणं तुझ्याशी असलं तरी छापायला देतोय. परभणीत, सेलूत, गंगाखेडला, शेजारी हिंगोली-बीडला तुझ्यासारखे आणखी आहेत आणि त्यांच्याही खणात अशा नोटिसा पडून आहेत. तुझं नाव लिहीत नाही. तुला कळायचं ते कळेल.

आधी कायद्याचं बघू, कारण पळण्याचं कारण तू कायदा सांगतोस. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. विमा कंपनीनं बिल भरलं तरी रुग्ण ग्राहकच राहतो. हा निकाल साऱ्या देशाला लागू आहे. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून अमलात आला. त्यातल्या सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणजे आपण सुटलो, असं आपल्यातल्या पुष्कळांनी समजून घेतलं. डॉक्टरांची एक संघटना तेवढ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये तिथं हरली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरली. फौजदारीचं म्हणशील, तर १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरला उपचाराच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंत. हेही परभणीला आणि सिकंदराबादला सारखंच.

तुझ्या त्या हैदराबादेतलाच एक खटला सांगतो. थंडी वाजून ताप येणाऱ्या एका बाईवर तिथल्या खासगी रुग्णालयात टायफॉइडचे उपचार झाले. दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर कळलं की मलेरिया होता. बाई वाचली नाही. नवरा जिल्हा मंचात जिंकला, वर हरला, पण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०१० मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि वर सांगितलं की ग्राहक मंचात प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतंच असं नाही. चूक ढळढळीत दिसत असेल तर मंच स्वतः ठरवू शकतो. केस होत नाही म्हणतोस, त्या गावानंच देशातल्या डॉक्टरांना हा निकाल दिला.

आणि तुझ्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती तुझ्या वकिलानं अजून सांगितलेली दिसत नाही. जुन्या कायद्यात तक्रार बहुतेक करून डॉक्टर जिथं असेल किंवा घटना जिथं घडली तिथं करावी लागे. २०१९च्या कायद्यानं तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करायची मुभा दिली. तू मला फोनवर काय म्हणालास? "आपल्या भागातले पेशंट तिकडं येतातच, सर, तेवढ्यावर चालेल." चालेल की. आजोबा-पणजोबांपासून परभणीची माणसं दुखणं घेऊन हैदराबादला जातात. पण त्यातल्या कुणाची तक्रार झाली, तर ती परभणीच्या जिल्हा आयोगात होईल आणि हैदराबादहून तारखेला तुलाच यावं लागेल. आज तुझ्या दवाखान्यापासून आयोगाचं कार्यालय रिक्षानं जाण्याइतकं जवळ आहे.

आता खणातल्या नोटिशीकडे वळू. वकिलाची नोटीस आणि आयोगाची नोटीस वेगळी, एवढं तरी तुला माहीत असेल असं धरतो. वकिलाच्या नोटिशीला उत्तर दिलं नाहीस तर कायद्यानं लगेच काही बिघडत नाही, पण उद्या ते गप्प बसणं तुझ्याविरुद्ध वाचलं जातं. आयोगाची नोटीस आली की घड्याळ सुरू होतं. लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, आयोगाला वाटलं तर आणखी पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ४ मार्च २०२० रोजी सांगून टाकलंय की त्या पंचेचाळीस दिवसांपुढे एक दिवसही मिळणार नाही. तू नर्सिंग होमला कुलूप लावून गेलेला असशील, पोस्टमन जुन्या पत्त्यावर येईल, वॉचमन पाकीट घेऊन कपाटावर ठेवील आणि एकतर्फी हुकूम होईल. तुझी बाजू कितीही खरी असली तरी ती कुणी ऐकलेलीच नसेल. हुकूम पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती परराज्यात गेल्यानं संपत नाही.

हे सगळं मी तुला सांगायला नको होतं. हे कुठलाही चांगला वकील सांगतो. मला सांगायचंय ते तुझ्या केसपेपरबद्दल.

तू पाठवलेले फोटो मी चष्मा लावून नीट वाचले. सिझेरियन संध्याकाळी ६.४०ला. रात्री ८ वाजता तुझ्या हातची नोंद, 'जनरल कंडिशन फेअर, सीटी ऑल'. त्यानंतर थेट रात्री दीडची नोंद, 'पेशंट रेफर्ड टू नांदेड'. मधले साडेपाच तास कुठे गेले? सिस्टरच्या कागदावर दहा वाजता एकदा बीपी लिहिलंय, नाडी लिहिलेली नाही. गर्भाशय घट्ट होतं की सैल, पॅड किती भिजले, लघवी किती झाली, काही नाही. सिझेरियननंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी लिहायचं, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. वॉर्डात उभं करून लिहायला लावलं होतं. रक्तस्राव एकदम धो धो सुरू होतो असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेक वेळा तो आधी नाडीत दिसतो. नव्वदची नाडी शंभर होते, एकशे दहा होते, बीपी अजून जागेवर असतं आणि डॉक्टर खुशाल घरी असतो.

तू म्हणालास, "सर, ऑक्सिटोसिन दिलं होतं, ट्रानेक्झामिक ॲसिडही दिलं होतं." दिलं असशील. माझा तुझ्यावर विश्वास आहे. किती वाजता दिलं? ट्रानेक्झामिक ॲसिड प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी पडतं, हे २०१७च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून कळलं. म्हणजे इथं वेळ हाच उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि तो कागदावर नाही. तुझ्या हातून योग्य औषध योग्य वेळी गेलं असेल, तरी त्याचा पुरावा तूच ठेवलेला नाहीस. उद्या आयोगासमोर कुणाचा शब्द धरायचा? तुझा की तिच्या सासूचा, जी रात्रभर पलंगाजवळ बसून पॅड बदलत होती?

आणि एक गोष्ट कागदावर स्पष्ट लिहिलेली आहे. हिमोग्लोबिन ८.४. ठरवून केलेलं सिझेरियन, दोन दिवस हातात, आणि रक्ताची एक पिशवीही क्रॉसमॅच करून ठेवलेली नाही. याला काय उत्तर देणार आहेस? याला राज्य जबाबदार आहे? कायदा जबाबदार आहे? ही बाई महाराष्ट्रात होती म्हणून पिशवी आणली नाहीस का? आपल्याकडे शेतात राबणाऱ्या, एकामागून एक बाळंतपणं झालेल्या बायांचं रक्त कमी असतं, हे परभणीत प्रॅक्टिस करणाऱ्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढून तिचा जीव वाचवला. तिला एकच मूल आहे. यापुढे होणार नाही. तुझ्या फोनभर मी वाट बघितली, ती कशी आहे हे तू सांगशील म्हणून. तू फ्लॅटचं भाडं सांगितलंस.

संमतीचा कागदही बघितला. छापील फॉर्म, रिकाम्या जागा रिकाम्याच, खाली नवऱ्याचा अंगठा. बाई सज्ञान, शुद्धीवर, सातवी शिकलेली. तिची सही नाही. समीरा कोहली खटल्यात जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सज्ञान, शुद्धीवरच्या रुग्णाची संमती तिची स्वतःची लागते, आणि ती समजून दिलेली लागते. घाईच्या वेळी जीव वाचवायला केलेली गोष्ट वेगळी, म्हणून नांदेडच्यांना कुणी बोल लावणार नाही. तुझ्यापाशी मात्र वेळ होता.

आता नीट ऐक, कारण हे तू कदाचित आज रात्री करशील. त्या केसपेपरवर एक अक्षरही वाढवू नकोस. मधल्या साडेपाच तासांत आता नाडी आणि बीपी भरू नकोस. सिस्टरला बोलावून तिच्या हातून लिहून घेऊ नकोस. वेगळ्या शाईनं, एका दमात, एकाच वळणात लिहिलेल्या सहा नोंदी कुणाच्याही लक्षात येतात, आणि त्याचा एक फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आधीच असू शकतो. कोरी जागा ही हलगर्जी ठरेल. भरलेली जागा खोटेपणा ठरेल, आणि त्यानंतर तुझ्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुम्हाला मी एक जुना खटला सांगत असे, तो आठवतो का बघ. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांचा एक मुलगा पडला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः दापोलीला डॉक्टर. लाकडी पट्ट्या बांधून मुलाला पुण्याच्या एका नावाजलेल्या शल्यविशारदाकडे नेलं. तिथं पुरेशी भूल न देता, मॉर्फियाच्या इंजेक्शनावर, जोर लावून हाड बसवलं, प्लास्टर घातलं. त्याच दिवशी रात्री मुलगा गेला. हा जोशी विरुद्ध गोडबोले खटला सर्वोच्च न्यायालयात २ मे १९६८ रोजी संपला. न्यायालयानं डॉक्टरची कर्तव्यं सांगितली ती आजही वाचली जातात. रोगी हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार करताना काळजी. भरपाई किती, तर ३,००० रुपये. एक डॉक्टर बाप ३,००० रुपयांसाठी पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला असेल, असं मला वाटत नाही. त्याला विचारायचं होतं की माझ्या मुलाचं काय केलंत, आणि खरं उत्तर हवं होतं.

दुसरा तर आपल्याच मराठवाड्यातला, आणि तो सरकारी दवाखान्यातला आहे, म्हणजे ग्राहक कायद्याचा प्रश्नच नव्हता. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोट दुखू लागलं, प्रकृती ढासळत गेली. आठवडा उलटायच्या आत पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला फेब्रुवारी १९९६ मध्ये संपला. तेहतीस वर्षं. खालच्या कोर्टानं दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयानं काढून घेतली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं परत दिली. टॉवेल कुणाच्या हातून राहिला हे नेमकं सिद्ध झालं नाही तरी शासनाला जबाबदारी टाळता आली नाही. त्या तेहतीस वर्षांत लोक बदलले, बदल्या झाल्या, निवृत्त झाले. प्रकरण मिटलं नाही. ओटीत मॉप मोजायला लावले की तुम्हाला मी फार कडक वाटायचो. कारण हे होतं.

तुझ्या पालमच्या माणसाकडे परत येतो. नोटीस पाठवण्याआधी तो तुझ्याकडे तीनदा आला होता, हे तूच बोलण्याच्या ओघात सांगितलंस. एकदा भेटायला, दोनदा कागद मागायला. तू रिसेप्शनवरून परत पाठवलास. "कागद मागतोय म्हणजे केस करणारच, सर." अरे, कागद त्याचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत लिहिलंय, रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदींच्या प्रती द्यायच्या. तीन वर्षं त्या सांभाळायच्या. नाकारणं हेच गैरवर्तन आहे. कागद न दिल्यानं कुणी गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. पण ज्याला डॉक्टरनं समोर बसवून, कागद पुढे ठेवून, काय झालं ते क्रमानं सांगितलं, तो माणूस पुष्कळदा रडून घरी जातो. हा मुजोर नव्हता. तो बैलबाजारात बैल विकून आलेल्या पैशांतून तुझं बिल भरून गेला होता, हेही तूच सांगितलंस.

दुसरी गोष्ट, शनिवार-रविवारची. गेले काही महिने तू सुट्टी धरून हैदराबादच्या वाऱ्या करतोस, तिकडच्या रुग्णालयात जागा बघतोस, आणि मागे वीस खाटांचं नर्सिंग होम आयुर्वेद पदवी घेतलेल्या एका पोराच्या भरवशावर सोडतोस. तो प्रामाणिक आहे, मला माहीत आहे. पण त्यानं काय करायचं? फोन लावायचा आणि तू गाडीतून औषधं सांगायची. २०१८ची रत्नागिरीची घटना विसरलास का? सिझेरियन झालेली बाई पुन्हा दाखल झाली, डॉक्टर दांपत्य गावाबाहेर होतं, जागेवर बदली डॉक्टर नव्हता, फोनवरून उपचार चालले. बाई दगावली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अटकपूर्व जामीन नाकारला आणि साऱ्या राज्यातले डॉक्टर हादरले. तो खटल्याचा अंतिम निकाल नव्हता. पण तुमच्यापैकी कितीजणांनी त्यानंतर जाताना दुसऱ्या एमडीला लेखी जबाबदारी देऊन, पेशंटला सांगून जायला सुरुवात केली? २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती फोनवरच्या सल्ल्याला मान्यता देतात, पण पोट शिवलेल्या बाईला बघायला कुणीच नसण्याला नाही.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मार्च २०२२ मध्ये राजस्थानात, दौसा जिल्ह्यातल्या लालसोटला, एक बाई प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं गेली. जमाव जमला, पोलिसांनी डॉक्टर बाईवर थेट खुनाचं कलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं जीव दिला. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००५ मध्येच सांगितलं होतं की ढोबळ, अक्षम्य बेपर्वाई असेल तरच फौजदारी, आणि त्याआधी त्या शाखेच्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्या. साधी अनवधानाची चूक गुन्हा होत नाही. सतरा वर्षांनी पोलीस ठाण्यात ते कुणी वाचलेलं नव्हतं. याचा मला आजही संताप येतो. धुळ्यात २०१७ साली निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आठवून तुझी बायको रात्री झोपत नाही, हेही मी समजतो. पण यातली पहिली गोष्ट परराज्यातली आहे, आणि जमावाविरुद्धचा कायदा आपल्याकडे २०१०पासून आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट वसुली. आंध्रात तसा कायदा २००८ मध्ये झाला, तोच तेलंगणाकडे आला. कायदे असूनही दवाखाने फुटतात, तिकडेही आणि इकडेही. संघटना करून पोलीस अधीक्षकांसमोर बसायचं असेल तर मी या वयात तुझ्याबरोबर येतो. पळण्यात मात्र तुझ्याबरोबर येणार नाही.

आणि तिकडे तू बोलणार काय? तुला तेलुगू येत नाही. शहरात हिंदीवर, दखनीवर निभेल, हे मान्य. पण वारंगळ-करीमनगरकडून आलेली म्हातारी कुठे दुखतं ते कुणाच्या तरी तोंडून सांगेल आणि तू कुणाच्या तरी तोंडून ऐकशील. इथं बाईनं 'पोटात कालवतंय' म्हटलं की तुला कळतं, 'अंगावरून जातंय' म्हटलं की किती दिवस ते तू विचारतोस, आणि सासू मध्ये बोलली की तिला बाहेर बसवून सुनेला विचारायचं तुला जमतं. निदान निम्मं या ऐकण्यात असतं आणि संमती समजावून देणं तर सगळंच भाषेत असतं. हे हातचं टाकून तू जास्त सुरक्षित होशील असं तुला का वाटतं?

तरी जायचं ठरवलंच, तर जाणंही नियमानं करावं लागतं. ते तू मला विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगतो. तुझ्याकडे नाव नोंदवलेल्या गरोदर बायका आहेत, काहींना आठवा, काहींना नववा लागलाय. हाती घेतलेला रुग्ण त्याला आणि घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडायचा नाही, हा त्याच २००२च्या नियमांतला नियम आहे. प्रत्येकीला बोलावून, कागद हातात देऊन, पुढच्या डॉक्टरशी बोलून मगच हात काढता येतो. सोनोग्राफीचं मशीन टेम्पोत टाकून नेता येत नाही. लिंगनिदानविरोधी कायद्याखालचं नोंदणीपत्र समुचित प्राधिकाऱ्याकडे परत करावं लागतं, मशीन कुठे जातंय ते कळवावं लागतं, एफ फॉर्म सांभाळावे लागतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून ना-हरकत आणि सद्वर्तनाचा दाखला घ्यावा लागेल, तिकडच्या परिषदेत नोंदणी करावी लागेल. तक्रार असेल तर ती तुझ्यामागे तिथंही पोहोचेल.

विम्याचं तर तू सगळ्यात वाईट करणार होतास. "इथली प्रॅक्टिस बंद म्हणजे इथली पॉलिसी बंद," म्हणालास. व्यावसायिक जबाबदारीच्या पॉलिसीत दावा ज्या काळात येतो त्या काळात पॉलिसी चालू असावी लागते, आणि घटना तिच्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. तू आज पॉलिसी बंद केलीस, आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या बाळंतपणाबद्दल पुढच्या वर्षी दावा आला, तर तो तुझ्या खिशातून. ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते, आणि योग्य कारण दिलं तर उशीरही माफ होतो. पॉलिसीत खंड पडू देऊ नकोस, कंपनी बदललीस तरी जुनी पूर्वलक्षी तारीख पुढे चालू ठेवून घे.

आणि तू गेल्यावर मागे काय उरतं तेही बघ. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बाळं होती. त्या रुग्णालयावर परभणी, हिंगोली, यवतमाळ, शेजारचं तेलंगण, सगळ्यांचा भार. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लोकांनी आंदोलनं करून मिळवलं, ते त्याच वर्षी सुरू झालं, अजून अंग धरतंय. अशा वेळी रात्री दोनला सिझेरियन करू शकणारा एक माणूस कमी झाला तर त्याचा अर्थ पालम, पूर्णा, सोनपेठच्या बायकांसाठी काय होतो ते तुला चांगलं माहीत आहे. तुला मी गावावर उपकार करायला सांगत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी जायचं असेल, बायकोच्या नोकरीसाठी जायचं असेल, तर उघडपणे तसं सांगून जा, मी स्वतः शिफारसपत्र देईन. पण एका बाईच्या साडेपाच तासांचा हिशोब न देता, तिच्या नवऱ्याला दारातून परत पाठवून, तू 'महाराष्ट्र वाईट' म्हणत निघालास, तर ते पत्र माझ्याकडून मिळणार नाही.

उद्या सकाळी विमा कंपनीला नोटिशीची लेखी खबर दे. त्यांना न विचारता भरपाईची बोली करू नकोस. केसपेपरच्या, ओटी नोट्सच्या, संमतीच्या, सिस्टरच्या कागदाच्या प्रती काढ, प्रत्येक पानावर सही कर, आणि पालमच्या माणसाला पोच घेऊन दे. त्याला आत बसव. काय दिलं, काय लिहिलं नाही, रक्त का ठेवलं नव्हतं, जसं आहे तसं सांग. तिच्या टाक्यांची, तिच्या हिमोग्लोबिनची चौकशी कर. नांदेडच्या डिस्चार्ज कार्डवर पुढची तपासणी कधीची लिहिली आहे ते विचार, आणि ती झाली नसेल तर करवून घे. मग वकिलाकडे जा, आणि नोटिशीच्या उत्तराचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवायला आण.